किमची फसली, सासूबाई म्हणतात तेल ओत

प्रश्न : ताई, आमचं खेडं यवतमाळ जिल्ह्यात आहे. पोरगी मोबाईलवर कोरियन सिरियल पाहते, तिच्या हट्टापायी एप्रिलमध्ये किमची, म्हणजे कोरियातली तिखट-आंबट पत्तागोबी, करून पाहिली. दोन किलो पत्तागोबी, मीठ अंदाजानं, भिवापुरी मिरचीचं बारीक तिखट, लसूण, अद्रक, अन् लोणच्यासारखी बरणी दोन दिवस उन्हात ठेवली. तिसऱ्या दिवशी फेस आला, पानं लिबलिबीत झाली, अन् तिखट तर इतकं की पोरगीच म्हणे मले नको. सासूबाई म्हणतात वरून तेल ओत, टिकते. ओतू का?

उत्तर : नका ओतू. सासूबाईंचं कैरीच्या लोणच्यापुरतं एकदम बरोबर आहे, तिथे तेल हवा अडवतं. पण किमची लोणचं नाहीच, ती आंबवायची वस्तू आहे, आपल्या ज्वारीच्या आंबिलीची बहीण म्हणा. पानांवर मुळातच असलेले जिवाणू पत्तागोबीतली साखर खातात अन् लॅक्टिक आम्ल तयार करतात, तोच आंबटपणा तिला टिकवतो, त्यात व्हिनेगर नाही की लिंबू नाही. अन् हवा अडवायचं काम पत्तागोबीला सुटलेलं पाणीच करतं, फक्त पानं त्या पाण्याखाली दाबलेली पाहिजेत.

फेसाचं काही नाही, फेस म्हणजे जिवाणू कामाला लागले. चुकलं ते ऊन! तिकडे कोरियात हिवाळाभराची किमची नोव्हेंबर-डिसेंबरच्या थंडीत घालतात, घरच्या अन् शेजारच्या बाया जमून, आपल्याकडे उन्हाळ्यात कुरड्या-पापडाला जमतात तशा. त्याला किमजांग म्हणतात, २०१३ मध्ये युनेस्कोच्या वारशाच्या यादीत पण गेलं ते. पूर्वी मातीच्या मोठ्या बरण्या, ओंगी म्हणतात त्यांना, जमिनीत पुरून ठेवायचे, म्हणजे थंडी एकसारखी राहते अन् आतलं गोठत पण नाही. अन् आपण एप्रिलच्या उन्हात बरणी ठेवतो, मग पानं शिजल्यासारखी होणार नाही तर काय.

आता आहे त्या बरणीचं म्हणाल तर मीठ अंदाजानं, वरून दोन दिवस ऊन, मी असते तर फेकली असती, जीव चुटपुटतो पण फेका.

पुढची डिसेंबर-जानेवारीत करा, तेव्हा पत्तागोबी बाजारात स्वस्त पण असते. कोरियात लांबट पानांची कोबी घेतात, आपली गोल चालते, दोन बोटांएवढे तुकडे करायचे. एक किलोला २५ ग्रॅम जाडं मीठ, अंदाजानं नाही, किराणावाल्याच्या काट्यावर मोजून आणा. चोळून दोन-तीन तास ठेवा, पाणी सुटेल, ते फेकू नका अन् पानं धुवू पण नका. चमचाभर तांदळाचं पीठ कपभर पाण्यात शिजवून खळ करा, थंड झाली की त्यात लसूण, अद्रक, गुळाचा छोटा खडा अन् तिखट. मुळा अन् कांद्याची पात टाकली की मस्त लागते. तिकडची मिरची लाल भडक पण सौम्य, बिया काढून जाडसर कुटलेली असते, म्हणून ब्याडगी घ्या, भिवापुरी हवीच असेल तर चिमूटभर, आपल्या मातीची आठवण म्हणून.

बरणी काचेची नाहीतर चिनी मातीची, अन् वर चार बोटं जागा सोडा. हे मी माझ्या कर्मानं शिकले. पहिल्या वेळी गच्च भरून, झाकण आवळून फ्रीजवर ठेवली होती, फ्रीजमध्ये नाही बरं, वर. रात्री गॅसनं झाकण उडालं, लाल पाणी दारावरून खाली, सकाळी आमचे हे उठले अन् रक्त समजून घर डोक्यावर घेतलं. तर झाकण सैल ठेवा, रोज एकदा स्वच्छ चमच्यानं पानं दाबून गॅस काढा. थंडीत स्वयंपाकघरात दोन दिवस, आंबूस वास आला की फ्रीजमध्ये. वर पांढरी पातळ साय आली तर काढून टाका, पण हिरवी-काळी केसाळ बुरशी दिसली की अख्खी बरणी बाहेर. अन् जास्त आंबट झाली तर फेकायची नाही, तिकडे मुद्दाम तशीच घेऊन तिखट रस्सा करतात, किमची जिगे म्हणतात त्याला, आपल्या गरम भातावर पण छान लागते.

प्रश्न : कोरियात किमचीत मासळी टाकतात म्हणे. आमच्या घरी मासे चालत नाहीत, मग किमची होते का?

उत्तर : होते की. कोरियातल्या बौद्ध मठांमध्ये मासळी तर सोडाच, लसूण-कांदा पण टाकत नाहीत, तरी आंबते. ज्यांना चालतं त्यांनी बाजारातले सुके झिंगे चांगले भाजून, कुटून चमचाभर टाकावे. फक्त बरणी वेगळी करा, अन् चमचा पण.