आरएनए घटला म्हणजे प्रथिन घटलं असं नाही

तुमची अडचण थोडक्यात अशी: उंदराच्या झायगोटमध्ये (फलित अंडपेशीत) कोफिलिनविरुद्धचा, म्हणजे पेशीच्या सांगाड्यातले ॲक्टिनचे तंतू तोडणाऱ्या प्रथिनाविरुद्धचा, एसआयआरएनए टोचला, दोन पेशींच्या टप्प्यावर क्यूपीसीआरमध्ये (आरएनए मोजायच्या चाचणीत) आरएनए ९० टक्के घटलेला दिसला, तरी आठ पेशींवर कॉम्पॅक्शन (पेशी एकमेकींना घट्ट बिलगणं) व्यवस्थित झालं. मग 'या टप्प्यावर कोफिलिन लागत नाही' असं लिहायचं का? कृपया इतक्यात लिहू नका. याच पेचात माझाही बराच काळ गेला आहे.

एसआयआरएनए फक्त आरएनए तोडतो. अंडपेशीने आधीच साठवलेलं प्रथिन तसंच राहतं. शिवाय या काळात पेशी विभागतात, पण भ्रूण वाढत नाही. साध्या कल्चरमध्ये पेशी वाढून विभागते, तसं प्रथिन पातळ होत जातं. इथे ते होत नाही. ते जितकं कुजेल तितकंच कमी होतं, आणि कॉम्पॅक्शनपर्यंत हातात जेमतेम दोन दिवस असतात. पेशींना एकमेकींशी जोडणाऱ्या ई-कॅडहेरिन या प्रथिनाचं उदाहरण पाहा. १९९४ मध्येच दिसलं होतं की हे जनुक नसलेले भ्रूणही आईच्या प्रथिनावर कॉम्पॅक्ट होतात आणि पुढे ट्रोफेक्टोडर्म (भ्रूणाचा बाहेरचा थर) बनवताना अडतात.

म्हणून आधी प्रथिन मोजा. वेस्टर्न ब्लॉटला (प्रथिन जेलवर वेगळं करून मोजायला) एका लेनसाठी शंभरेक भ्रूण लागतील, त्यापेक्षा इम्युनोफ्लुरोसन्स (चमकणाऱ्या प्रतिपिंडाने रंगवणं) बरं. टोचलेले आणि कंट्रोल भ्रूण एकाच थेंबात रंगवा, लेझर आणि गेन तेच ठेवा, तुलना एकाच खोलीवरच्या स्लाइसची करा. माझं ठाम मत: झायगोट सोडा, दोन पेशींवर एकाच पेशीत टोचा आणि सोबत पेशीपटल ओळखू येईल अशा खुणेचा एमआरएनए द्या. मग भ्रूणाचा दुसरा अर्धा भाग हाच तुमचा कंट्रोल. प्रथिन झिजायला वेळ मात्र आणखी कमी मिळतो, हे विसरू नका.

प्रथिन शिल्लक निघालं तर ट्रिम-अवे करा, म्हणजे प्रथिनच थेट नष्ट करा. त्या प्रथिनाला चिकटणारा प्रतिपिंड आणि प्रतिपिंड चिकटलेलं प्रथिन नष्ट करवणारं ट्रिम२१ दोन्ही टोचायचे. प्रथिन काही तासांत जातं, कधी मिनिटांतही. सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, आणि तेही प्रयोगाच्या बाहेर. एका संस्थेच्या खरेदी विभागाने 'प्रतिपिंड ते प्रतिपिंडच' म्हणत सर्वात कमी बोलीची कुपी मागवली. तिच्यात सोडियम अझाइड (जंतू रोखणारं रसायन) आणि बीएसए (प्रतिपिंड टिकवायला घातलेलं गाईचं प्रथिन) दोन्ही होते. अझाइड भ्रूणाला मारतं, आणि बीएसए गाळणीतून नीट निघत नाही. बदलून मागितली तर उत्तर आलं, 'तपशील मागणीपत्रात नव्हता.' म्हणून मागणीपत्रातच 'अझाइडमुक्त, बीएसएमुक्त, किमान १ मिग्रॅ प्रति मिली' असं लिहा. नुसतं अझाइड असेल तर १०० किलोडाल्टनच्या सेंट्रिफ्यूज गाळणीत ०.०३ टक्के एनपी-४० (सौम्य डिटर्जंट) घातलेल्या पीबीएसने (खारट बफरने) बफर बदला. कंट्रोल दोन हवेत: साधा आयजीजी (तुमच्या प्रथिनाला न चिकटणारा प्रतिपिंड) अधिक ट्रिम२१, आणि ट्रिम२१शिवाय तुमचा प्रतिपिंड. दुसरा यासाठी की काही प्रतिपिंड नुसते चिकटूनच काम बंद पाडतात.

औषधांचा जवळचा रस्ता घ्यायचा मोह होईल. मायोसिन रोखणारं ब्लेबिस्टॅटिन आणि ॲक्टिन रोखणारं सायटोकॅलॅसिन तेलात विरघळतात. केएसओएमच्या (भ्रूण वाढवायच्या माध्यमाच्या) थेंबावरचं खनिज तेल ते ओढून घेतं आणि तुम्ही लिहिलेली मात्रा भ्रूणापर्यंत पोचत नाही. साधं ब्लेबिस्टॅटिन निळ्या प्रकाशात विषारी होतं, म्हणून ४८८ नॅनोमीटरवर टाइमलॅप्स करणार असाल तर पॅरा-नायट्रो प्रकार घ्या. फॉर्मिन (ॲक्टिनचे तंतू बांधणारी प्रथिनं) रोखण्यासाठीचं एसएमआयएफएच२ मायोसिनलाही रोखतं. फक्त त्याच्यावर निष्कर्ष काढलेला पेपर मी तरी मान्य करणार नाही.

फॅलॉइडिन (ॲक्टिनच्या तंतूंना रंगवणारं) फिकट येत असेल तर फिक्सेटिव्हमधलं (भ्रूण गोठवून ठेवणाऱ्या द्रवातलं) मिथेनॉल तपासा. बाटलीतल्या तयार फॉर्मॅलिनमध्ये ते बहुधा असतंच. ४ टक्के पीएफए (पॅराफॉर्मल्डिहाइड) भुकटीपासून बनवा.

हे सगळं उंदरापुरतं आहे. माणसाच्या भ्रूणात जीनोम मुख्यतः चार ते आठ पेशींवर जागा होतो, त्यामुळे आईचा साठा आणखी लांब पुरतो. तुमच्या संपादकाला सध्या 'प्रथिनपातळी मोजलेली नाही' असं स्पष्ट कळवा, आणि रेस्क्यूसाठी (प्रथिन परत दिल्यावर दोष जातो का ते पाहायला) एसआयआरएनएला न जुमानणारा एमआरएनए आत्ताच बनवायला टाका. त्याची मात्रा मात्र कमीपासून चढवत न्या. कोफिलिन जास्त झालं तरी ॲक्टिन बिघडतंच.