लैंगिक आजारांची तपासणी घरी सॅम्पल देऊन करावी का, आणि रिपोर्ट येईपर्यंत काय करावं?

तू लिहिलंस की तीन आठवड्यांपूर्वी कंडोमशिवाय संबंध आला, त्रास काहीच नाही, पण झोप उडालीय. राजारामपुरीत आईवडिलांजवळ राहतोस, लॅबमध्ये कोणीतरी ओळखीचं भेटणारच, म्हणून घरी येऊन रक्त नेणाऱ्यांकडून सगळ्या टेस्ट एकदाच उरकून टाकाव्यात असं मनात आहे. वयानं लहान दिसतोस म्हणून तू म्हणतोय, भावा. मी मंगळवार पेठेतला. चार वर्षांपूर्वी हेच सगळं माझ्या डोक्यात चालू होतं.

आधी दिवस मोज. मी मोजले नव्हते. नवव्याच दिवशी रक्त दिलं. एचआयव्ही नॉन-रिॲक्टिव्ह, म्हणजे निगेटिव्ह, आणि व्हीडीआरएल (सिफिलिसची रक्ततपासणी) हीसुद्धा नॉन-रिॲक्टिव्ह. संध्याकाळी रंकाळ्यावर चक्कर मारली, सुटलो म्हणून पोटभर जेवलो. मधे कधीतरी खाली एक बारीक जखम झाली होती, दुखत नव्हती, आपोआप गेली, म्हणून मी लक्षच दिलं नाही. अडीच महिन्यांनी तळहातांवर आणि तळपायांवर तांबूस डाग उठले. खाज नाही, आग नाही. त्वचारोगाच्या डॉक्टरांनी हात बघितले आणि लगेच व्हीडीआरएल लिहून दिली. 1:64 रिॲक्टिव्ह (मागचा आकडा जितका मोठा, तितकी अँटिबॉडी जास्त), पाठोपाठ ते पक्कं करणारी टीपीएचए टेस्टही पॉझिटिव्ह. सिफिलिस.

पहिला रिपोर्ट चुकीचा नव्हता, मी लवकर विचारलं होतं. यातल्या बऱ्याच टेस्ट आपल्या शरीरानं जंतूविरुद्ध तयार केलेली अँटिबॉडी शोधतात, आणि ती तयार व्हायला वेळ लागतो. सिफिलिसची जखमच मुळी संबंधानंतर 10 ते 90 दिवसांत कधीही येते, व्हीडीआरएल त्यानंतर पॉझिटिव्ह होते. म्हणून आज निगेटिव्ह आली तरी संबंधानंतर 90 दिवसांनी ती परत करायची. एचआयव्हीची शिरेतून रक्त घेऊन लॅबमध्ये होणारी चौथ्या पिढीची टेस्ट (अँटिबॉडीबरोबर विषाणूचा अंशही शोधणारी) 45 दिवसांनी निगेटिव्ह आली की विश्वास ठेव. बोटाला टोचून घरी करायची पट्टी वापरलीस तर 90 दिवस धर. गनोरिया आणि क्लॅमिडियाची लघवीवरची पीसीआर (थेट जंतूच शोधणारी टेस्ट) मात्र दोन आठवड्यांनंतर चालते, म्हणजे तुझी आत्ताच होईल. मुळात कसलाही त्रास नसताना क्लॅमिडिया असू शकतो, त्यामुळं 'मला काही होत नाही' यावर जाऊ नकोस.

(दुसरं कोणी हे वाचत असेल आणि संबंध येऊन 72 तास झाले नसतील, तर वाचत बसू नका, आत्ता सरकारी दवाखान्यात जा. एचआयव्ही टाळण्याची 28 दिवसांची औषधं असतात, ती 72 तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, जितकी लवकर तितकी चांगली.)

आता घरच्या तपासणीचं. रक्त काढायला पाच मिनिटं लागतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. माझा घोळ झाला तो मोबाईल नंबरात. बाबांच्या शुगरसाठी आम्ही त्याच लॅबकडे आधी नोंदणी केली होती, आणि माझा रिपोर्ट तयार असल्याचा मेसेज बाबांच्या फोनवर गेला. त्यांनी तो उघडला नाही, 'तुझं काय आलंय बघ' म्हणून फोन माझ्या हातात दिला. तो क्षण मला अजून आठवतो. तेव्हा नोंदणी तुझ्या एकट्याच्या नंबरावर कर, बिल आणि रिपोर्ट कुठं जाणार ते आधी विचारून घे, आणि घरी माणसं असतील तर ऑफिसच्या किंवा मित्राच्या पत्त्यावर बोलव.

लघवीच्या सॅम्पलमध्ये बहुतेकजण चुकतात. एरवी लघवीच्या तपासणीला मधल्या धारेची सांगतात. इथं पहिल्या धारेची लागते, आणि त्याआधी किमान तासभर लघवीला गेलेलं नसावं. तोंडानं किंवा गुदमार्गे संबंध आला असेल तर लघवीत ते सापडणारच नाही, घशाचा किंवा गुदद्वाराचा स्वॅब लागतो. तो घरी घेत नसतील तर डॉक्टरांकडे जावंच लागेल. मोठ्या पॅकेजमध्ये हर्पिसची रक्ततपासणी घातलेली असते. फोड, जखम काही नसेल तर ती करू नकोस, तिच्यातून गोंधळच वाढतो. त्यापेक्षा हिपॅटायटिस बी तपास आणि लस झाली नसेल तर तिचे डोस सुरू कर.

टेस्टच्या आधी मेडिकलमधून ॲझिथ्रोमायसिन आणून खाऊ नकोस, हे हात जोडून सांगतो. अर्धवट औषधानं रोग दबतो, रिपोर्ट निगेटिव्ह येतो, आणि रोग आतच राहतो.

खरं सांगायचं तर दुसऱ्या वेळी मी घरी कोणाला बोलावलंच नाही, सीपीआरला, म्हणजे आपल्या कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात गेलो. तिथं आयसीटीसी, म्हणजे समुपदेशन आणि तपासणीचं केंद्र आहे, एचआयव्हीची तपासणी फुकट होते, आधी आणि नंतर समुपदेशक बोलतात. लैंगिक आजारांची औषधंही सरकारी सुरक्षा क्लिनिकमध्ये फुकट मिळतात. मला वाटलं होतं तिथं तोंडावर बोलतील. समोरच्या बाईंनी दार लावलं, पाणी दिलं, आणि विचारलं, 'कधीपासून एकटे विचार करताय?' मला रडू आलं. घरी दिलेल्या सॅम्पलबरोबर असं विचारणारं कोणी येत नाही. सीपीआरला ओळखीचं कोणी दिसेल असं वाटत असेल तर मिरजेच्या सिव्हिलला जा. 2017च्या एचआयव्ही कायद्यानं, मोजके अपवाद सोडले तर, तुझ्या संमतीशिवाय ना टेस्ट करता येते, ना निकाल दुसऱ्याला सांगता येतो. आणि रात्री दोन वाजता डोकं फिरलं तर 1097 लाव, एड्सची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, पैसे पडत नाहीत.

रिपोर्टची वाट बघताना मी एकच गोष्ट बरोबर केली. तालमीचं रक्तदान शिबिर होतं, दरवर्षी मी पहिल्या दहात असतो. त्या वर्षी गोळ्या चालू आहेत असं सांगून बाजूला झालो. पोरं म्हणाली, 'काय भावा, घाबरलास व्हय!' ऐकून घेतलं. रक्तपेढी तपासते हे खरं, पण लागण होऊनही टेस्टमध्ये न दिसणारे ते मधले दिवस तिच्या टेस्टलाही असतातच. फुकटात एचआयव्ही कळेल म्हणून रक्त देणारी पोरं मी बघितलीत. तसं करू नकोस. तोवर संबंधही नको, निदान कंडोमशिवाय तरी नकोच. आणि एका तरी माणसाला सांग. मी थोरल्या मावसभावाला सांगितलं. तो काही समजावत बसला नाही, गंगावेशीत कट्ट्यावर नेऊन धारोष्ण दूध पाजलं आणि म्हणाला, 'रिपोर्ट येईल त्या दिवशी मी सुट्टी टाकतो.' त्यानं टाकली.

रिॲक्टिव्ह आलं तरी पहिल्या कागदावर कोसळू नकोस. एचआयव्हीचं निदान एका किटवर ठरत नाही, वेगवेगळ्या तीन टेस्ट लागतात. आणि एचआयव्ही निघालाच, तरी औषध नियमित घेऊन विषाणू टेस्टमध्ये मोजता येणार नाही इतका कमी झाला की संबंधातून दुसऱ्याला लागण होत नाही. माझ्या सिफिलिसला बेंझाथीन पेनिसिलिनची 24 लाख युनिटची एकच मात्रा पुरली, कमरेत. दुखतं, चांगलंच दुखतं. त्या रात्री ताप आला, अंग ठणकलं. उपचार सुरू झाल्यावर तसं होऊ शकतं हे डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं म्हणून घाबरलो नाही. वर्षभरात 1:64 वरून 1:4 वर आलो. टीपीएचए बहुधा जन्मभर पॉझिटिव्ह राहील, तो रोग नाही, त्याची खूण आहे. म्हणून ते कागद मी जपून ठेवलेत.

सगळ्यात अवघड होतं, जिच्याशी संबंध आला होता तिला फोन करणं. तीन दिवस नंबर काढून बघत होतो. शेवटी सांगितलं, मला हे निघालंय, तूही तपासून घे, कोणाकडून कोणाला ते मला माहीत नाही आणि विचारणारही नाही. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, 'कुठं जायचं ते सांग.' तिचीही व्हीडीआरएल रिॲक्टिव्ह निघाली. तिच्या अंगावर एकही डाग उठला नव्हता.