“काही झालं नाही,” असं ती म्हणाली तरी

ताई, नमस्कार. डोंबिवलीतल्या आमच्या जुन्या इमारतीत समोरच्या दारी तिशीतली एक मुलगी राहते. नवरा पिऊन येतो आणि मारतो. गेल्या महिन्यात रात्री अकराला तिची पाच वर्षांची लेक एकाच पायात चप्पल घालून जिन्यात येऊन बसली, तेव्हा मी 112 ला फोन केला. दोन पोलीस आले. दारातच, नवऱ्यासमोर तिला विचारलं, “काही त्रास आहे का?” ती म्हणाली, “काही झालं नाही, टीव्हीचा आवाज होता.” ते निघून गेले. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. फ्लॅट सासूच्या नावावर आहे, त्यामुळे “मी जाणार कुठे?” असं ती पूर्वी म्हणायची. आमचे हे म्हणतात, दुसऱ्याच्या संसारात पडू नकोस. तिचा डबा अजून माझ्या ओट्यावर आहे. माझं चुकलं का?
– एक शेजारीण

नाही हो, तुमचं चुकलं नाही. ती पोर जिन्यात बसलेली दिसूनही तुम्ही दार लावून घेतलं असतं, तर चुकलं असतं.

ती खोटं बोलली याचा राग धरू नका. पोलीस दहा मिनिटांत जाणार, दार लागणार आणि मग आत तो आणि ती, हे तिला कळत होतं. मारणारा नवरा बाजूलाच उभा असताना कुठली बाई दुसरं काय सांगेल? पोलीस ठाण्यातल्या बाकड्यावर अशा बायकांसोबत मी कितीदा तरी बसले आहे. नवरा तंबाखू आणायला बाहेर गेला की बाही वर करून दंडावरचे वळ दाखवणारी बाई, तो आत आला की “पाय घसरला” म्हणते. त्याला खाली नेऊन, तिला आत बसवून, महिला पोलिसानं विचारायला हवं होतं. ते झालं नाही, ही चूक तिचीही नाही आणि तुमचीही नाही.

पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा फोन करा. मजला आणि दार नीट सांगा, घरात लहान मूल आहे, तो प्यायलेला आहे, हे आधीही झालं आहे असं सांगा. “महिला पोलीस पाठवा आणि तिच्याशी एकटीशी बोला,” हे स्पष्ट म्हणा. तुमचं नाव तिथे उघड करू नका, अशी विनंती करा. मागचा फोन वाया गेला असं समजू नका. त्याची नोंद झालेली आहे, आणि त्याच पत्त्यासाठी दुसरा, तिसरा फोन गेला की “नवरा-बायकोचं भांडण” म्हणून हात झटकणं ठाण्यातल्या माणसाला जड जातं.

तुमच्या यजमानांना हेही दाखवा. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा 2005 चा कायदा सांगतो की अशी हिंसा होते आहे असं वाटणारी कुणीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकते, आणि चांगल्या हेतूनं कळवणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. कुणीही, म्हणजे शेजारीणसुद्धा. हे अधिकारी महिला व बालविकास विभागाचे असतात. मात्र नवऱ्याच्या क्रूरतेचा गुन्हा, पूर्वीचं 498अ आणि जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं कलम 85, तुमच्या तक्रारीवर नोंदला जाणार नाही. ती तक्रार तिची किंवा तिच्या नातेवाइकाची लागते. तिचा भाऊ किंवा आई तुमच्या ओळखीची असेल तर हे लक्षात ठेवा.

“पोलिसांनी आधीच काही करायला नको का?” असं तुमच्या मनात येत असेल. करता येतं. शांतता भंग होईल अशी चिन्हं दिसली तर माणसाकडून नीट वागण्याचं बंधपत्र लिहून घेता येतं, जास्तीत जास्त एका वर्षासाठी. ठाण्यात त्याला चॅप्टर केस म्हणतात. काही नवऱ्यांना एवढ्यानं चाप बसतो. काही जण घरी येऊन दुप्पट मारतात. म्हणून तिला विचारल्याशिवाय या वाटेला जाऊ नका.

त्यापेक्षा मला विशेष कक्षाची वाट बरी वाटते. 1984 मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेनं मुंबई पोलिसांबरोबर महिला आणि मुलांसाठी हा कक्ष सुरू केला. पोलिसांच्याच आवारात, पण समोर बसलेली असते समाजकार्यकर्ती. पुढे तो राज्यभर पसरला. काही शहरांत बायकांच्या मदतीसाठी पोलिसांचे भरोसा सेलही आहेत. गुन्हा नोंदवायचा की नाही हे ठरलेलं नसतानाही तिथे जाऊन नुसतं बोलता येतं. कुठेही तिला “मिटवून घ्या” एवढंच सांगून परत पाठवलं, तर संरक्षण अधिकारी, मोफत वकील आणि दंडाधिकाऱ्याकडचा अर्ज यांची माहिती मागा. ती देणं हे त्या कायद्यानं पोलिसांचं कर्तव्यच आहे.

आता फ्लॅट. नाव सासूचं असलं तरी ती जिथे संसार करते त्या घरात राहण्याचा हक्क तिला कायद्यानं आहे. सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये सासऱ्याच्या मालकीच्या घराबाबत हे स्पष्ट केलं आहे. दंडाधिकारी नवऱ्यालाच घराबाहेर राहायचा आदेश देऊ शकतात. तिला पुन्हा त्रास देऊ नये असा दंडाधिकाऱ्यांचा संरक्षण आदेश त्यानं मोडला तर पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात, शिक्षा एक वर्षापर्यंत. “मी जाणार कुठे?” या तिच्या प्रश्नाला हे खरं उत्तर आहे, पण ते तिला आजवर कुणी सांगितलेलंच नसेल.

तिला “सोडून दे त्याला” म्हणू नका. बाई निघायची तयारी करते तेव्हाच असला माणूस जास्त पिसाळतो, म्हणून दिवस आणि वेळ तिलाच ठरवू दे. तुम्ही एवढं करा : आधार कार्ड, लग्नाचा दाखला, मुलीचा जन्मदाखला यांच्या झेरॉक्स तुमच्या कपाटात ठेवायला तयार आहात असं सांगा. तिच्या फोनवर काही लिहून पाठवू नका, तो बघत असेल. एक खूण ठरवा. तिचा फोन आला आणि तिनं “काकू, विरजण आहे का?” विचारलं, की तुम्ही 112 लावायचा. मार लागला तर तिला सरकारी दवाखान्यात घेऊन जा आणि डॉक्टरांना खरं कारण सांग, असं तिला म्हणा. कागदावर एकदा “पडली” असं लिहिलं गेलं की कोर्टात तेच तिच्या आड येतं. आणि कितीही संताप आला तरी त्याच्याशी एकट्या भांडायला जाऊ नका.

ती बोलत नाही ती तुमच्यावर रागावली म्हणून असेल, किंवा त्यानंच बंद केलं असेल, किंवा नुसती लाज. विचारायला जाऊ नका, स्पष्टीकरणही देऊ नका. उद्या तो कामावर गेला की अकराच्या सुमाराला तो डबा घेऊन जा. रिकामा नेऊ नका, पोरीला आवडतं ते काहीतरी त्यात घाला.