रिपोर्टात लोह भरपूर, तरी शेंडा पिवळा का?

राम राम मंडळी. तासगावच्या एका द्राक्षवाल्या दादांनी देठ परीक्षणाचा रिपोर्ट पाठवलाय, त्यात लोहापुढं "पुरेसे" असं छापलंय, आणि सोबत बागेचा फोटो, शेंड्याकडची पानं पिवळीधमक अन् शिरा तेवढ्या हिरव्या. त्यांचा सवाल साधा आहे, साहेब लॅबवाल्याचं चुकलं का आमचं? वाळवा तालुक्यातनं ऊसवाल्यांचंही तेच, खोडव्यात केवडा, म्हणजे पान पिवळं-पांढरं पडणं, दिसतोय पण पान तपासलं तर लोह उलट जास्तच निघालं.

चुकलं कुणाचंच नाही. लॅबनं जे मोजलं ते एकूण लोह. पान वाळवून, दळून, नायट्रिक आणि परक्लोरिक ॲसिडात उकळून पार पाणी करतात आणि एएएस, म्हणजे धातू मोजणाऱ्या मशीनवर लावतात, त्यात पानातला लोहाचा कण न् कण येतो, कामाचा असो वा बिनकामाचा. लोहाची दोन रूपं, फेरस आणि गंजातलं असतं तसलं फेरिक; पानाला कामाचं म्हणजे मुख्यतः फेरस लोह. चुनखडीच्या रानात, त्यात बोअरच्या पाण्याला बायकार्बोनेट जास्त असलं की लोह मुळातनं वर चढतं खरं पण पेशीच्या बाहेर फेरिक होऊन अडकून बसतं. म्हैसाळच्या कॅनॉलला पाणी आलं पण आपल्या पाटात उतरलंच नाही, तसलाच प्रकार. हरितद्रव्यात लोह नसतं बरं का, मॅग्नेशियम असतं, पण ते तयार व्हायला लोह लागतंच, म्हणून नवं पान पिवळं निघतं. शिवाय पिवळ्या पानाची वाढ खुंटते, पान लहान राहतं, मग त्यातलं लोह टक्केवारीत आणखीनच जास्त दिसतं.

मग तपासायचं काय, तर ॲक्टिव्ह आयर्न, म्हणजे क्रियाशील लोह. पद्धत जुनी आणि स्वस्त आहे. ताजं पान बारीक कापून 2 ग्रॅम घ्यायचं, पीएच 3 ला आणलेलं दीड टक्क्याचं ऑर्थो-फेनॅन्थ्रोलिनचं द्रावण 20 मिली ओतायचं आणि साधारण 16 तास अंधारात ठेवायचं. फेरस लोह असेल तर द्रावण नारिंगी-लाल होतं, जेवढं लोह तेवढा रंग गडद, मग गाळून कलरीमीटरवर, म्हणजे रंगाचा गडदपणा मोजणाऱ्या यंत्रावर, 510 नॅनोमीटरला वाचायचं. अंधार कशाला म्हणाल तर उजेडात फेरिक लोहाचं फेरस होतं आणि आकडा फुगतो.

आता यात नमुना आणणाराच घोळ घालतो. यासाठी पान वाळवायचं नाही, रात्रभर गाडीच्या डिकीत ठेवायचं नाही, सकाळी तोडून प्लॅस्टिक पिशवीत घालून बर्फाच्या डब्यातनं त्याच दिवशी लॅबला द्यायचं. धुवायचं मात्र नीट, कारण आपल्याकडच्या धुळीत लोह ढिगानं असतं, रस्त्याकडेच्या ओळीचं पान न धुता दिलं तर तुम्ही धूळच तपासून घेताय. गंजलेली कात्री नको. आणि सगळ्यात महत्त्वाचं, एकाच प्लॉटमधली पिवळ्या झाडाची आणि हिरव्या झाडाची त्याच वयाची कोवळी उमललेली पानं दोन वेगळ्या पिशव्यांत द्या, कारण ॲक्टिव्ह आयर्नचा एकच आकडा सगळ्या पिकांना, सगळ्या जातींना लागू होत नाही, दोन्हींतला फरक बघितला की कळतं.

कवठेमहांकाळच्या एका पदवीधर पोरानं विचारलंय की लोह नेमकं कुठल्या रूपात आहे हे सांगणारी मोठी मशीन असते का. असते की. मॉसबाउअर नावाच्या मशीनवर फेरस-फेरिक वेगळं ओळखता येतं. इंदूरला इंडस-2 सिंक्रोट्रॉन आहे, म्हणजे प्रखर एक्स-रे देणारं मोठं यंत्र, तिथं एक्स-रे शोषणावरनं लोहाच्या आजूबाजूला काय चिकटलंय तेही कळतं. एचपीएलसी (रसातले घटक वेगळे करणारं मशीन) याला आयसीपी-एमएस (धातू मोजणारं मशीन) जोडून रसातलं सायट्रेटला बांधलेलं लोह वेगळं काढतात. पण हे संशोधनाचं काम झालं बाबा, बाग वाचवायला त्याची गरज नाही. असल्या मशीनचं नाव सांगून कुणी दुकानदार महागडं पाकीट गळ्यात मारत असेल तर सरळ हात जोडा.

जवळच्या लॅबला हे होत नसेल तर रानातच करून बघा. 10 लिटर पाण्यात 50 ग्रॅम फेरस सल्फेट आणि 10 ग्रॅम सायट्रिक ॲसिड, संध्याकाळच्या गारव्यात चार-दोन पिवळ्या झाडांवरच फवारा. आठवडाभरात जिथं थेंब पडले तिथं हिरवे ठिपके उमटले तर लोहच कमी पडतंय, नाही उमटले तर मुळ्या, पाणी साचणं, सूत्रकृमी तिकडं बघा. फेरस सल्फेट घेताना पोतं उघडून बघा, फिकट हिरवा खडा पाहिजे, तांबूस-पिवळी भुकटी झाली असेल तर त्याचं फेरिक झालंय, परत करा.

जमिनीतनं द्यायचं तर उसाला हेक्टरी 25 किलो फेरस सल्फेट, पण नुसतं फेकू नका, दहापट शेणखतात मुरवून सरीत द्या, चुनखडीत नुसतं टाकलेलं लगेच अडकून बसतं. ड्रिपमधनं चिलेट, म्हणजे लोहाला धरून विरघळतं ठेवणारं खत, सोडणारे द्राक्षवाले, पिशवीवर त्याचा प्रकार ईडीटीए आहे का ईडीडीएचए ते वाचा. आठच्या वर पीएच असलेल्या रानात ईडीटीए टिकत नाही, तिथं ईडीडीएचएच लागतं, महाग आहे पण थोडं लागतं. तासगावच्या दादा, तुमच्या रिपोर्टात पाण्याचा बायकार्बोनेट दिसत नाहीये, बोअरचं पाणी तपासून तो आकडा पाठवा, मग डोस सांगतो.