रैनबसेऱ्यात कोणी 'बसत' नाही

प्रश्न आलाय की घर नसलेल्यांनी रात्री झोपायच्या जागेला पालिकेच्या बोर्डावर 'रात्रनिवारा' असतं, पेपरात 'रैनबसेरा' येतं, तर मराठीत बरोबर काय? आणि 'बेघर' म्हणावं की 'गृहहीन'?

दुसरं आधी, लगेच संपतं. बेघर म्हणा. 'बे' फारसी आणि 'घर' आपलं, असा संकर आहे खरा, पण बेसूर, बेसावध म्हणताना कुणाचं सोवळं विटाळत नाही मग इथेच काय झालं? गृहहीन ऐकलं की मला मतिहीन, चारित्र्यहीन आठवतं, म्हणजे घर नसणं हा जणू त्या माणसाच्या अंगचाच दोष.

आता रैनबसेरा. रैन म्हणजे रजनी, प्राकृतात रयणी, पुढे हिंदीत रैन, यात वाद नाही. डोकं फिरतं ते बसेऱ्यावर. 'बसेरा म्हणजे रात्री टेकायची, बसायची जागा, मराठी बसणे तेच' असं छातीठोक सांगणारे जाणकार मला दर थंडीत भेटतात आणि त्यातले काही तर भाषा शिकवतात! साफ चूक. मराठी 'बसणे' आलं उपविशति वरून, सुरुवातीचा उ गळाला, प चा ब झाला. हिंदी 'बसना' आलं वसति वरून, कारण हिंदीत व चा ब होतो, वन चं बन, वर्षा चं बरखा, आपल्याकडे व टिकतो. म्हणजे त्यांचं बसना हे आपलं वसणे, आणि आपल्या बसण्याचा सख्खा भाऊ म्हणजे त्यांचं बैठना (उपविष्ट). टर्नरचा भारतीय भाषांतल्या शब्दांची मुळं देणारा कोश उघडून बघा आणि मग भांडायला या.

खरी गंमत पुढे आहे. या वसति मधल्या वस् धातूचा जुना अर्थ नुसतं राहणं नाही, रात्र काढणं असा आहे. संस्कृतात तो पुसट होत गेला पण मराठीनं जपून ठेवला. पाहुणे 'वस्तीला' येतात, गावात रात्री येऊन सकाळी पहिली सुटणारी एसटी ही 'वस्तीची गाडी', तिचे ड्रायव्हर-कंडक्टर देवळात नाहीतर शाळेच्या ओट्यावर झोपतात तीही वस्तीच. इंग्रजीतलं 'वॉज' याच मूळ धातूतून निघालंय, म्हणजे ते वस्तीचं लांबचं चुलत भावंड! आणि वास्तू? तीही वस् मधूनच. टॉवरवाल्यांची ती वास्तू आणि नाल्याकडेची ती 'वस्ती', तेही नाक मुरडून म्हणायचं, मूळ मात्र दोघींचं एकच.

म्हणून माझं म्हणणं असं की बोर्डावर खरं तर 'वस्ती' हवं. हसू नका. 'निवारा' वाईट नाही, निवारण करतो तो निवारा, ऊनपाऊस थोपवतो, पण तेवढंच करतो. आणि 'रात्र' तर आधी खोडाच. 2010 मध्ये अन्नाच्या हक्काच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं शहरांत लाख लोकसंख्येमागे एक निवारा सांगितला तो चोवीस तास उघडा ठेवायला, पुढे 2013 च्या राष्ट्रीय शहरी उपजीविका अभियानातही तेच आलं, माणशी 50 चौरस फूट, पाणी, संडास, स्वयंपाकाची सोय आणि जोडीला रेशन, बँकखातं, पोरांची शाळा. असं असताना 'रात्रनिवारा' म्हटलं की सकाळी बोचकं उचलून बाहेर काढायला शब्दच परवानगी देतो, मग लग्नाच्या हॉलमध्ये रात्रभर भांडी घासून आलेल्यानं दिवसा झोपायचं कुठे?

वस्ती या एका शब्दात रात्रीचा मुक्कामही आहे आणि कायमचं वसणंही आहे, हे दुसऱ्या कुठल्या शब्दात दाखवा मला. भायखळ्याच्या फुटपाथवरच्या बायकांनी हेच केलं ना. 1985 ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला की उपजीविका हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे पण फुटपाथवरून उठवता येईल, तेव्हा 1984 साली निघालेली स्पार्क ही संस्था त्यांच्यात काम करत होती, पुढच्याच वर्षी महिला मिलन हे त्या बायकांचं संघटन उभं राहिलं, रोजची चिल्लर गोळा करून बचत सुरू झाली, आणि त्या बायकांनी आपल्या घराचा खऱ्या मापाचा नमुना उभा करून लोकांना दाखवला, उंची 14 फूट, कारण मग आत पोटमाळा निघतो. इंजिनियरला सुचलं नसतं! पुढे मानखुर्दला मिलन नगर ही त्यांची सोसायटी झाली. ही फुटपाथ ते सोसायटी अख्खी वाट वस्ती शब्दात मावते, 'निवारा केंद्र' त्यातल्या पहिल्या रात्रीपाशीच थांबतं. (फुटपाथवरची 'पथारी' मात्र पथावरून नाही, प्रस्तर वरून आहे, विचारणार असाल तर आधीच सांगितलं.)

प्रश्नात नव्हतं तरी एक सांगतोच, बातम्यांतलं ते 'फुटपाथवरील बेवारस इसम' बंद करा. बेवारस म्हणजे ज्याला वारस नाही, ज्याच्यावर कुणी हक्क सांगत नाही. बॅग बेवारस असते. 2011 च्या जनगणनेत देशात 17 लाखांवर माणसं बेघर मोजली गेली, त्यातली निम्म्याहून जास्त शहरांत, पुलाखाली, जिन्याखाली, चक्क ह्यूम पाईपात, म्हणजे सिमेंटच्या मोठ्या नळात राहणारी, आणि त्यात बायकापोरांसकट कुटुंबंच्या कुटुंबं होती. शेजारी पोरगं झोपलंय त्याचं आणि तुम्ही छापता बेवारस?