वाचकांचे प्रश्न : कृपा, कर्मे आणि तारण

प्रश्न : आमचं घर तीन पिढ्यांपासून कोल्हापुरातल्या प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट मंडळीत आहे. धाकट्या भावाने बंगळुरूला मॉर्मन मंडळीत बाप्तिस्मा घेतला. तो म्हणतो, "आम्हीही कृपेनेच तारण मानतो." पण त्यांच्याच ग्रंथात 'शक्य ते सगळं केल्यानंतर' कृपा, असं वचन आहे. मग खरं काय?
— एक वाचक, शाहूपुरी

उत्तर : भाऊ खोटं बोलत नाही आणि तुमची शंकाही रास्त आहे. शब्द एकच, पण तुम्हा दोघांच्या मनातला अर्थ वेगळा आहे.

तुमच्या मंडळीत तारण म्हणजे पापाच्या दंडातून सुटका आणि देवासोबत सार्वकालिक जीवन, दोन्ही एकत्र. मॉर्मन शिकवणीत त्याचे दोन भाग पडतात. पुनरुत्थान, म्हणजे मरणातून पुन्हा उठणं, ख्रिस्तामुळे सर्वांनाच मिळतं, त्यासाठी काही करावं लागत नाही (१ करिंथ १५:२२). दुसरा भाग उत्कर्षाचा, म्हणजे मरणानंतरच्या तीन गौरवांपैकी (स्वर्गाच्या तीन पायऱ्या म्हणा) सर्वोच्च गौरवात देवपित्याजवळ कुटुंबासह राहण्याचा. ही तीन गौरवं त्यांच्या मंडळीचे संस्थापक जोसेफ स्मिथ यांच्या १८३२ च्या प्रकटीकरणात आली. तिथं पोहोचायला विश्वास, पश्चात्ताप, त्यांच्या याजकपदाच्या अधिकाराने पाण्यात पूर्ण बुडवून बाप्तिस्मा, डोक्यावर हात ठेवून पवित्र आत्म्याचं दान, मंदिरातले विधी, पतिपत्नीचं सार्वकालिक बंधन आणि या विधींत देवाशी केलेले करार शेवटपर्यंत पाळणं, एवढं लागतं. भाऊ 'कृपेने' म्हणतो तेव्हा यातलं नेमकं कशाबद्दल म्हणतो, ते आधी विचारा.

तुम्ही म्हणता ते वचन 'मॉर्मनचा ग्रंथ' यातल्या २ नेफी या पुस्तकातलं, २५:२३. सगळा वाद त्यातल्या 'नंतर' या शब्दावर आहे. आधी माणसाने आपला वाटा उचलायचा, मग उरलेलं कृपा भरून काढते, असा अर्थ त्यांच्यातही अनेक वर्षं सर्रास लावला गेला. पण त्याच ग्रंथात आल्मा २४:११ मध्ये एक राजा म्हणतो की, पश्चात्ताप करणं एवढंच आमच्या हातात होतं. २०१५ च्या एप्रिलमधल्या त्यांच्या परिषदेत त्यांचे एक नेते डीटर उख्तडॉर्फ यांनीही स्पष्ट सांगितलं की 'नंतर' म्हणजे 'त्यामुळे' नव्हे. भावाला बहुधा हाच अर्थ शिकवला असेल. तरी करार पाळण्याची अट सुटत नाही.

फरक दिसतो तो एका दृष्टान्तात. त्यांचे प्रेषित बॉइड पॅकर यांनी १९७७ मध्ये तो सांगितला. कर्जदाराला कर्ज फेडता येईना, सावकार सोडेना. मित्राने सगळी रक्कम भरली आणि कर्जदाराला म्हणाला, आता देणं माझं, अटी मी ठरवणार. सोपं नसेल, पण जमेल. आपल्याकडे गुजरीत सोनं तारण ठेवणाऱ्याला हे लगेच कळेल : सावकार बदलला, हप्ते सोसवतील असे झाले. प्रेस्बिटेरियन शिकवण इथंच वेगळी होते. तिच्या मते ख्रिस्ताने कर्ज फेडलं तेव्हा चिठ्ठीच फाटली, नवा हप्ता बांधलाच नाही.

पण म्हणून 'विश्वास ठेवला, झालं' असं भावाला सांगू नका. तुमच्या मंडळीची शिकवण तशी नाही, आणि तो लगेच याकोब २:२४ वर बोट ठेवेल : माणूस केवळ विश्वासाने नव्हे, कर्मांनी नीतिमान ठरतो. आपले लोक इफिस २:८-९ (तारण कृपेने, कर्मांनी नव्हे) तोंडपाठ म्हणतात आणि दहाव्या वचनाआधीच थांबतात. सत्कर्मांसाठी आपल्याला निर्माण केलं, हे तिथंच लिहिलंय. प्रेस्बिटेरियनांच्या वेस्टमिन्स्टर विश्वासकबुलीत कर्मे ही जिवंत विश्वासाचं फळ आणि पुरावा आहेत. फळावरून झाड ओळखतात, फळामुळे झाड उगवत नाही.

दोघांनी एका बैठकीत इफिस २:१-१०, याकोब २:१४-२६ आणि २ नेफी २५:२३-२६ सलग वाचा. सुटी वचनं एकमेकांवर फेकलीत की भांडण ठरलेलं. आणि एक लक्षात असू द्या. रोमन कॅथलिक आणि लूथरन यांनी १९९९ मध्ये कृपेविषयी संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. मॉर्मन बाप्तिस्मा मात्र रोमने २००१ मध्ये ग्राह्य नाही ठरवला, तो कर्मांवरून नव्हे, त्रैक्यावरून, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव या शिकवणीवरून. माझ्या मते देव कोण, हा तुमच्या घरातला अधिक खोल प्रश्न आहे.

प्रश्न : भाऊ घरी आला की चहाला हात लावत नाही. चहा प्यायल्याने तारण जातं, असं ते मानतात का?

उत्तर : पुनरुत्थान जात नाही. पण १८३३ च्या आरोग्यनियमात चहा, कॉफी, दारू, तंबाखू वर्ज्य आहेत. बाप्तिस्म्याआधी तो नियम कबूल करावा लागतो, पुढे मंदिरप्रवेशाच्या परवान्यासाठीही विचारतात. परवाना दोन वर्षांचा असतो. परवाना नाही तर मंदिरातले विधी नाहीत, आणि उत्कर्षाची वाट त्या विधींतूनच जाते. म्हणून त्याला आग्रह करू नका. बंदी चहाच्या झुडपाच्या पानांना आहे, काळा असो की हिरवा. चहापूड न घालता नुसता गवती चहा उकळून दिलात तर तो घेईल.