जळगाव ते चिपी (सिंधुदुर्ग): विमानाने किती अंतर, किती वेळ?

प्रश्न हवाई अंतराचा आणि वेळेचा आहे, म्हणून आधी तेच सांगतो. सरळ रेषेत अंदाजे ५९५ किलोमीटर. ही रेषा दौंडच्या आसपासून, मग साताऱ्याच्या पूर्वेकडून खाली उतरते. रस्त्याने अजिंठा, पुणे, कोल्हापूर करत गेलात तर साडेसातशेच्या वर होतात.

लहान विमानतळांवर येणारं एटीआर ७२ हे छोटं विमान ताशी साधारण ५०० किलोमीटर वेगाने उडतं. म्हणजे उड्डाण सव्वा तासाच्या आत. चढणं, उतरणं, वळसा धरून दीड तास. (कुठल्याही दोन गावांसाठी हाच हिशोब करा: अंतर भागिले ५००, वर वीस मिनिटं.)

पण हा कागदावरचा वेळ. प्रत्यक्षात मध्ये कुठेतरी विमान बदलावं लागतं, आणि तिथला थांबाच सगळा दिवस खातो. जळगावला उडान योजनेतली (लहान शहरांना स्वस्त विमानसेवा देणारी केंद्राची योजना) सेवा डिसेंबर २०१७ मध्ये सुरू झाली, चिपी ९ ऑक्टोबर २०२१ ला. दोन्हीकडे वेळापत्रक वारंवार बदलतं, त्यामुळे तिकीट काढायच्या दिवशीच बघा. चिपीचं जमलं नाही तर गोव्याचं मोपा विमानतळ बघा, सावंतवाडीहून ते जवळ आहे.

माझी बहीण मालवणला दिली आहे. आई सोबत असली की मी भुसावळहून मंगला एक्स्प्रेसच धरतो. कल्याण-पनवेलमार्गे ती थेट कोकणात उतरते, आईला मध्ये सामान घेऊन उतरावं लागत नाही.